दाढेची कॅप घडी-घडी निघते? चिकटवायला न्यायच्या आधी ती आतून पाहा

चौथ्यांदा कॅप निघाली तेव्हा मी वावरात होतो. तुरीची सोंगणी सुरू होती, दुपारी धुऱ्यावर बसून भाकर न ठेचा खाऊन राहिलो होतो, घासात काहीतरी कडक लागलं, आधी वाटलं खडा आला, थुंकून हातावर घेतलं तर खालच्या डाव्या दाढेची कॅप. जिभेनं चाचपलं तर तिथं नुसता ठोंब. पाच आठवड्यांआधीच तर चिकटवून आणली होती.

मागचा हिशोब असा आहे. २०२१ ला सोयाबीनचे पैसे हातात आले तेव्हा त्या दाढेचं रूट कॅनाल केलं आणि वर मेटल-सिरॅमिकची कॅप बसवली, म्हणजे आतून धातू न वरून दातासारखी पांढरी. पहिली वेळ निघाली दीड वर्षानं, मग सात महिन्यांनी, मग तीन महिन्यांनी, मग पाच आठवड्यांत. अंतर कमी कमी होत गेलं हे आता लिहिताना दिसून राहिलं, तेव्हा ध्यानातच आलं नाही. दर वेळी मी तेच केलं, कॅप कागदाच्या पुडीत बांधली, तालुक्याला गेलो, डॉक्टरनं साफ केली, सिमेंट लावून बसवून दिली, तीनशे रुपये दिले आणि परत. वावरातला दिवस गेला तो वेगळा. मला पक्कं वाटायचं की सिमेंटच हलकं आहे.

चौथ्या वेळी साळा म्हणाला की एकदा सावंगीला दाखवून पाहा, वर्ध्याजवळ सावंगी मेघेला शरद पवार दंत महाविद्यालय आहे तिथं. गेलो. तिथं जी शिकाऊ डॉक्टर मुलगी होती तिनं कॅप लगेच लावायला घेतली नाही. चिमट्यात धरून दिव्याखाली उलटी केली आणि म्हणाली, "काका, हे पाहा, सिमेंट सगळं कॅपच्या आत अडकून आहे, दाढेवर कणभर नाही." मग बारीक खुणा असलेली एक सळई दाढेला लावून उंची मोजली. अडीच मिलिमीटर. तिचं म्हणणं, मागच्या दाढेची उभी भिंत साधारण चार मिलिमीटर तरी लागते, तेव्हा कॅप धरून राहते. माझा ठोंब बुटका तर होताच, वरून निमुळताही घासलेला होता.

कॅप सिमेंटच्या जोरावर टिकते असं आपल्याला वाटते न, तसं नसते. सिमेंट फक्त दात आणि कॅपमधली बारीक फट भरून दोघांना अडकवून ठेवते, खरी पकड दाताच्या उंचीची आणि त्याच्या सरळ भिंतींची. कुदळीचा दांडा जास्त निमुळता छिलला तर पाचर कितीही ठोका, चार घाव घातले की पातं निघते, तसंच हे. म्हणून जो माणूस वर्षातून तीन वेळा कॅप चिकटवून आणतो त्यानं सिमेंटचा ब्रँड विचारण्यापेक्षा कॅपच्या आत काय आहे ते पाहावं. हे मला तीन वर्षांनी समजलं म्हणून इतकं लांबलचक लिहून राहिलो.

निघाली त्या दिवशी काय करायचं

कॅप फेकू नका, धुवून झाकणाच्या डबीत ठेवा. पण धुवायच्या आधी उजेडात नेऊन आतून पाहा, जमलं तर मोबाईलनं आतला फोटो काढा, आणि आरशात पाहून दाताचाही काढा. एकदा धुतली-घासली की खुणा निघून जातात आणि डॉक्टरलाही मग अंदाजच करावा लागते.

फेविक्विक लावू नका. हे मी दोनदा सांगतो, फेविक्विक लावू नका. आमच्या गावात एकानं लावलं होतं, कॅप तिरपी बसली ती बसलीच, हिरडी पोळली, आणि काढायला गेला तर कॅप कापावी लागली. जी तीनशे रुपयांत पुन्हा बसली असती ती नवी करावी लागली.

नुसती वर ठेवून झोपूही नका, झोपेत गिळल्या जाते. गिळली तर बहुतेक वेळा काही दिवसांत शौचावाटे निघून जाते, तरी डॉक्टरला कळवा. पण ठसका लागून थांबतच नसेल, श्वास घेताना आवाज येत असेल, तर ती श्वासनळीत गेली असू शकते, तेव्हा वाट न पाहता सरळ मोठ्या दवाखान्यात.

आणि महिना-महिना तसंच राहू नका. कापूस वेचणी होऊ द्या, हरभरा निघू द्या, असं म्हणत मी एकदा सव्वा महिना काढला होता. तेवढ्यात शेजारचे दात सरकतात, वरचा दात खाली येतो, आणि मग तीच कॅप जागेवर बसत नाही. रूट कॅनाल केलेल्या दाढेचा मधला भाग पोखरलेला असते, वर कॅप नसली तर एखाद्या दिवशी फुटाणा चावताना ती उभी चिरते, आणि उभी चिरली की बहुतेक काढावीच लागते. तोपर्यंत त्या बाजूनं चावू नका, ब्रश मात्र हळू हाताने त्या ठोंबावरही फिरवा.

आता कॅपच्या आत पाहा

कॅपमध्ये दाताचाच तुकडा किंवा पांढरं-करडं भरण अडकून आलं असेल, कधी कधी त्यातून पिनेसारखं एक टोकही बाहेर असते, तर कॅप निघाली नाही, आतला दात किंवा त्यावरचं भरण मोडलं. ही कॅप तशीच परत चिकटवून काही फायदा नाही. डॉक्टर एक्स-रे काढून पाहतात की हिरडीच्या वर चांगला दात किती उरला. सगळीकडून दीड-दोन मिलिमीटरचा निरोगी दाताचा काठ असला तर दाताच्या मुळात पोस्ट, म्हणजे बारीक दांडी, टाकून वर नवीन भरण करून मग नव्या मापाची कॅप होते. काठच नसेल तर पुढचं काम फार दिवस टिकत नाही, मग दात वाचवायचा की काढायचा हे मोकळेपणानं विचारून घ्या, उगाच पैसा घालू नका.

काळं, मऊ, आणि वास मारणारं असेल तर आतून कीड आहे. हे माझ्या मायच्या दाढेचं झालं. तिची कॅप नऊ वर्षं टिकली होती, कधी दुखली नाही, म्हणून आम्ही सगळे म्हणत होतो की मायची कॅप मस्त. खरं म्हणजे रूट कॅनाल केलेल्या दाताला नसच नसते, तो दुखणार कसा? कॅपच्या काठाखालून कीड शिरली आणि आतला दात हळूहळू पोखरत गेली, बाहेरून चकचकीत. खूण एकच होती, आणि ती आम्ही सोडून दिली: माय सहा महिन्यांपासून म्हणत होती की सकाळी उठलं की तोंडाला घाण वास येते न त्या बाजूची हिरडी ब्रश लावला की रक्त देते. तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसाच्या जुन्या कॅपच्या काठाशी अशी एकाच जागी वास-रक्ताची तक्रार असेल तर दुखायची वाट पाहू नका, एक्स-रे काढून घ्या.

कॅपच्या आत नुसतं सिमेंट, दातही टणक, काळं काही नाही, आणि तरी निघते, तर माझ्यासारखा बुटका किंवा निमुळता ठोंब असण्याची शक्यता जास्त. यावर उपाय आहेत. माझं असं केलं: दाढेभोवतीची हिरडी आणि थोडं हाड कमी करून दात वर उघडा केला, सुन्न करून करतात, त्या दिवशी दुखलं नाही पण दोन दिवस ठणकलं. मग दीड महिना जखम भरायला थांबलो. त्यानंतर ठोंबाच्या भिंती सरळ करून दोन बाजूंना बारीक उभ्या खाचा पाडल्या, नवं माप घेतलं आणि पूर्ण धातूची कॅप बसवली. धातूची यासाठी की तिला वरून दात कमी घासावा लागते, सिरॅमिकचा थर द्यायचा म्हटलं की दीड-दोन मिलिमीटर जागा लागते आणि बुटक्या दाढेत तेवढी जागा कुठून आणायची. शेवटची दाढ आहे, कोणाला दिसत नाही. लोक धातू म्हटलं की नाक मुरडतात, पण मागच्या बुटक्या दाढेला माझ्या मते हीच सगळ्यात इमानी कॅप आहे. काही जणांचं हिरडी न कापता नुसत्या खाचा पाडून आणि रेझिनचं, म्हणजे दाताला जास्त घट्ट चिकटणारं, सिमेंट वापरूनही भागते, ते तुमच्या ठोंबावर आहे, म्हणून उंची किती आहे हे डॉक्टरला विचाराच.

कॅपच्या वरच्या बाजूला एखादी जागा आरशासारखी चकाकत असेल, किंवा भोकच पडलं असेल, तर तिथं तिच्यावर येणारा वरचा किंवा खालचा दात जास्त आपटून राहिला. कॅप उंच बसली की असं होते. बसवल्यानंतर चावताना तीच दाढ आधी लागते, दोन-तीन दिवस गेले तरी टोचते, असं असेल तर "सवय होईल" म्हणून सहन करू नका, परत जाऊन घासून घ्या. निळा कागद चावायला देतात, जिथं ठिपका गडद उमटते तिथं घासतात, पाच मिनिटांचं काम आहे. रात्री दात खाणाऱ्यांचं पण असंच, तुम्हाला स्वतःला समजत नाही, बाजूला झोपणाऱ्याला विचारा. त्यांना रात्री घालायची रबरासारखी किंवा कडक पट्टी बनवून देतात.

खर्रा-सुपारीचं वेगळं लिहितो

हे आपल्या भागात सांगणं जरुरी आहे, कारण कॅप निघायचं हे कारण कोणी धरतच नाही. माझा एक दोस्त आहे, दिवसाला पाच-सहा खर्रे, म्हणजे सुपारी, तंबाखू न चुना घोटलेला. त्याची वरची मागची कॅप तीनदा निघाली. सुपारी चावून चावून दात घासून बुटके होतात हे एक झालं, पण दुसरं मोठं. वर्षानुवर्षं सुपारी चघळल्यानं गालाची आतली कातडी पांढरट-कडक होत जाते, तोंड उघडणं कमी होते. त्याच्या तोंडात आता दोनच बोटं जातात. डॉक्टरचं मशीन मागच्या दाढेपर्यंत सरळ जातच नाही, मग ठोंब वाकडा-तिकडा घासला जाते, माप नीट येत नाही, आणि सिमेंट लावताना दाढ कोरडी राहत नाही. ओल्या दातावर सिमेंट बसलं की त्याची ताकद तिथंच गेली.

आताच करून पाहा, आपली तीन बोटं उभी, एकावर एक, तोंडात जातात का. जात नसतील, तिखट लागलं की तोंडात आग होत असेल, तर कॅपचं नंतर पाहू, आधी तोंड दाखवा. हा आजार पुढे कर्करोगाकडे जाऊ शकते. नागपूरला मेडिकल कॉलेजच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथंही तपासतात. माझा दोस्त मागच्या महिन्यात माझ्याबरोबर आला, मी त्याला सोडून येणार नव्हतो.

बसवायच्या दिवशी

घाई असलेल्या दिवशी जाऊ नका. आधी सिमेंट न लावता नुसती बसवून पाहायला सांगा. ती आपोआप हलते का, शेजारच्या दाताला टेकते का, दोघांमधून फ्लॉसचा धागा थोडा अडून जाते का हे तेव्हाच समजते. धागा सहज सळकन गेला तर तिथं रोज तुरीची साल न मटणाचं सूत अडकणार, आणि तिथूनच पुढे कीड लागणार. धागा जातच नसेल तर कॅप पूर्ण खाली बसली नसेल. खोटे दागिने घातले की कान चिघळतात अशा बाया-माणसांनी धातूची कॅप करताना डॉक्टरला आधी सांगावं, काही धातूंमध्ये निकेल असते.

सिमेंट लावताना कापूस भरून, थुंक ओढणारी नळी लावून दाढ कोरडी ठेवतात, तेव्हा थुंकायला उठू नका, जीभ तिकडे नेऊ नका. ते काही मिनिटांत कडक होते पण पूर्ण ताकद यायला साधारण एक दिवस लागते. मी तिसऱ्या वेळी दवाखान्यातून निघालो न बसस्टँडवर आलुबोंडा खाल्ला, त्याच बाजूनं. आता त्या दिवशी मऊ भात-वरण, दुसऱ्या बाजूनं. चिकट तर काहीच नाही, संक्रांतीच्या दिवसांत बसवली असेल तर तिळगुळाला आणि होळीच्या दिवसांत असेल तर साखरेच्या गाठीला हात लावू नका.

रोजचं

लोकांना वाटते कॅपला कीड लागत नाही तर घासायचं काहून? कॅपला नाही लागत, कॅपच्या काठाखाली जिथं खरा दात सुरू होते तिथं लागते. म्हणून ब्रश तिरपा धरून हिरडी आणि कॅप जिथं मिळतात त्या रेषेवर हळूहळू फिरवा, दोन वेळा, रात्रीची वेळ सोडू नका. पेस्ट साधी फ्लोराईडवाली चालते. राख, कोळसा, गुडाखू, तंबाखूचं मंजन बंद, ते काठाजवळचा दात घासून खळगे पाडते.

दोन दातांमध्ये फ्लॉस किंवा ती बारीक बाटली धुवायच्या ब्रशसारखी काडी मिळते ती वापरा. पहिल्यांदा मेडिकलमध्ये मागितली तर मुलानं मागवून दिली होती, आता ठेवते. सिमेंट नवं असेल किंवा कॅप हलकी वाटत असेल तेव्हा धागा वर ओढू नका, एका बाजूनं ओढून काढा. झाडूची काडी, सेफ्टी पिन, बायकांची केसातली पिन, याने कोरणं बंद करा. हिरडी फाटते, फट वाढते, आणि वाढलेल्या फटीत अजून जास्त अडकते, मग अजून कोरतो.

खायचं म्हणाल तर ज्वारीची भाकर, भाजी, मटण सगळं चालते, कॅप त्यासाठीच आहे. उसाचं कांडं सोलणं, अख्खी सुपारी, हाडाची नळी फोडणं, बाटलीचं झाकण दातानं काढणं, हे कॅपनं करू नका, सिरॅमिकचा टवका उडते. उडाला तर तो परत पहिल्यासारखा चिकटत नाही.

नीट केलेली आणि नीट ठेवलेली कॅप दहा-पंधरा वर्षं सहज जाते, काहींची त्याहून जास्त. सहा महिन्यांतून एकदा दाखवा, बाकी कामानं तालुक्याला जातोच न आपण.

समोरच्या दाताची असेल तर

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात बऱ्याच गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे, त्यामुळे लहानपणापासून ते पाणी पिलेल्यांच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे असतात. अशा माणसाला एकदम पांढरीशुभ्र कॅप बसवली की ती दुरून ओळखू येते. माझ्या पुतणीचं लग्नाआधी असं झालं, पोरगी फोटोत हसेना. पुन्हा करताना दिवसाउजेडी खिडकीजवळ रंग जुळवला, दात ओले असतानाच, कारण तोंड बराच वेळ उघडं राहून दात कोरडे पडले की जास्त पांढरे दिसतात, आणि पट्ट्यांचा फोटो लॅबला पाठवला. कॅपवर तसाच हलका पट्टा देतात त्यांना सांगितलं तर. त्या कॅपला ब्लीचिंगनं नंतर रंग बदलत नाही, म्हणून दात पांढरे करायचे असतील तर ते आधी, कॅप नंतर.

जाताना जुनी कॅप, जुने एक्स-रे, आणि किती तारखेला बसवली न किती तारखेला निघाली हे कागदावर लिहून न्या. मी चार तारखा कॅलेंडरवरून शोधून नेल्या होत्या, त्या पाहूनच त्या मुलीनं पहिले उंची मोजायला घेतली. महाविद्यालयात शिकणारी मुलं काम करतात आणि मोठे डॉक्टर प्रत्येक टप्प्यावर तपासतात, म्हणून चकरा जास्त होतात, माझ्या सहा झाल्या, हे घरी आधीच सांगून ठेवा.

माझ्या धातूच्या कॅपला आता चौदा महिने झाले. मायच्या दाढेची कीड काढून पोस्ट टाकला आहे, येत्या सोमवारी माप द्यायचं आहे. तिचा प्रश्न एकच, भाकर कधीपासून खायची. डॉक्टरनं सांगितलं, बसवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून.